जपानमधली मास्तरकी आणि शरदातल्या भटकंत्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिफू प्रांताच्या पूर्व टोकाला, नागोयाहून लोकलने तास-सव्वा तासावर असलेल्या एका गावात मी इंग्रजी शिकवते. सप्टेंबर उजाडला की फोनवर दोन प्रकारचे निरोप यायला लागतात. एक, ‘ताई, तिकडे नोकरी कशी लागते?’ आणि दुसरा, ‘लाल पानं बघायला कधी येऊ?’ तेच तेच टंकून बोटं दुखायला लागली, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. क्रमाने वाचायची गरज नाही.

वर्ग तुमच्या एकटीच्या हातात असतो का?

नसतो. सरकारी शाळेतल्या परदेशी माणसाचा हुद्दा ‘एएलटी’, म्हणजे सहायक भाषाशिक्षक. धडा कुठला, परीक्षा कधी, गुण किती, हे सगळं जपानी शिक्षक ठरवतात. मुलांना बोलतं करणं, उच्चार घोटून घेणं, खेळ घेणं, निबंध तपासणं हे माझ्याकडे. काही शिक्षक निम्मा तास बिनधास्त सोपवतात. काही जणांच्या तासाला मी नुसता चालताबोलता टेपरेकॉर्डर असते. दोन्हीची सवय होते. २०२० पासून प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला इंग्रजीची तोंडओळख आणि पाचवी-सहावीला रीतसर विषय आला, त्यामुळे आता बऱ्याच जणांना आठवड्यात दोन-तीन शाळा फिराव्या लागतात. प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०.

नोकरी मिळते कशी? मराठी माध्यमातून शिकलेल्याला मिळते का?

मुख्य रस्ते तीन. पहिला ‘जेट’ कार्यक्रम, जपान सरकारचा, १९८७ पासून चालू असलेला. भारतातले अर्ज नवी दिल्लीतल्या जपानी दूतावासामार्फत जातात, पदवी लागते, जागा मोजक्याच असतात. एका जागी जास्तीत जास्त पाच वर्षं. दुसरा, शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या खासगी कंपन्या. तिसरा, संध्याकाळी चालणारे इंग्रजी संभाषणाचे क्लास, ज्यांना इथे ‘एइकाइवा’ म्हणतात.

आता माध्यमाचं. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, त्यांच्याकडे सहसा इंग्रजी माध्यमातून किमान १२ वर्षं शिकल्याचा पुरावा मागतात. व्हिसाच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही, पण त्यांना जपानी भाषेच्या बाजूने येणं सोपं पडतं. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, जेएलपीटी ही जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षाही तिथे होते. उत्तम जपानी आणि हातात एखादं कसब असेल तर दारं बरीच उघडतात. पुराव्यादाखल योगेंद्र पुराणिक बघा: अंबरनाथचा हा माणूस २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आला आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कुलाचा मुख्याध्यापक झाला. तेही इंग्रजीचा सहायक म्हणून नव्हे.

पगार पुरतो का?

‘जेट’मध्ये असाल तर आरामात. पहिल्या वर्षाचा पगार बरीच वर्षं ३३ लाख ६० हजार येनवर अडकला होता, २०२५ मध्ये तो ४० लाखांच्या वर नेला. खासगी कंपनीमार्फत आलात तर महिन्याला सव्वादोन-अडीच लाख येन हे चित्र धरून चाला आणि करारात ऑगस्टचा पगार पूर्ण मिळणार की नाही ते आधी वाचा. सुट्टीच्या महिन्यात हात आखडणाऱ्या कंपन्या आहेत.

येन म्हणजे साठेक पैसे धरून लगेच रुपयात गुणाकार करू नका, कारण खर्चही येनमध्येच होतो. लहान गावात घरभाडं चाळीस ते साठ हजार. आरोग्यविम्यामुळे डॉक्टरच्या बिलाचे तीस टक्केच आपण द्यायचे. दुसऱ्या वर्षी मागच्या वर्षाच्या कमाईवरचा रहिवासी कर दारात उभा राहतो, त्यासाठी थोडं बाजूला ठेवलेलं बरं.

शाळेतला दिवस कसा असतो?

दारातच बूट काढायचे. तिथे लाकडी कप्प्यांची भिंत असते, प्रत्येकाचं नाव लिहिलेली. बाहेरचे बूट आत, आतले बूट पायात. स्टाफरूममध्ये शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘ओहायो गोझाइमास’, म्हणजे सुप्रभात. मग उभ्या-उभ्या सकाळची बैठक: कोणाला ताप आहे, कोणाचे पालक येणार आहेत, कुठल्या वाटेवर अस्वल दिसलं.

तास संपले की साफसफाई. शिपाई नावाचा प्रकार नाही म्हटलं तरी चालेल; झाडणं, पुसणं, संडास धुणं मुलंच करतात, आणि मुख्याध्यापकही हातात झाडू घेऊन अंगणात दिसतात. आपल्याकडे ही गोष्ट सांगितली की लोक ‘वा, काय संस्कार’ म्हणतात. मला विचाराल तर त्यात संस्काराइतकाच वेळापत्रकाचा भाग आहे. पंधरा मिनिटं, ठरलेलं संगीत, ठरलेला कोपरा. सहावीचा मुलगा पहिलीतल्या पोराला फडकं पिळायला शिकवतो, आणि त्या पंधरा मिनिटांत मला जेवढं जपानी कळतं तेवढं आख्ख्या आठवड्यात कळत नाही.

दुपारचं जेवण वर्गात, मुलांबरोबर. पांढरे झगे, टोप्या आणि मास्क घालून मुलंच वाढतात. संध्याकाळी मी निघते तेव्हा बाकीचे शिक्षक अजून बसलेले असतात. निघताना ‘तुमच्याआधी जाते, माफ करा’ अशा अर्थाचं वाक्य म्हणायचं, त्यावर बाकीचे ‘ओत्सुकारेसामा’, म्हणजे ‘आज खूप श्रम घेतलेत’, असं म्हणतात. करारात चार-सव्वाचारला सुटी असेल तर सुटायचं. त्यांच्यासारखं सातपर्यंत बसून राहण्यात काही मोठेपणा नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही.

जपानी यायलाच हवं का?

वर्गात नाही आलं तरी निभतं. गावात नाही आलं तर पोस्ट, बँक, दवाखाना सगळीकडे कोणाला तरी धरून न्यावं लागतं. हिरागाना-काताकाना या दोन मूळ लिप्या तरी घरूनच गिरवून या.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

हाल होतात, पण उपाशी कोणी राहत नाही. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण ‘दाशी’ची आहे. सूप, भाजी, सॉस, सगळ्याच्या मुळाशी वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो आणि जपानी माणसाला तो ‘मासा’ वाटतच नाही. ‘यात मासे नाहीत ना?’ विचारलं तर अगदी प्रामाणिकपणे ‘नाहीत’ म्हणतील. प्रश्न असा विचारायचा: ‘दाशी कशाची आहे?’ कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची असेल तर चालेल.

शाळेत मी डबा नेते. सुरुवातीला मुख्याध्यापकांशी रीतसर बोलून परवानगी घेतली होती, कारण मुलांनी एकच जेवण एकत्र खाणं हा इथे अभ्यासक्रमाचाच भाग मानतात. पोळी-भाजीचा डबा उघडला की चौथीतली मुलं मान लांब करून बघतात. तूरडाळ, कणीक, हिंग हवं असेल तर बहुतेक मोठ्या गावांत नेपाळी किंवा पाकिस्तानी माणसाचं दुकान असतं; टोकियोत निशी-कासाइला गेलात तर कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. ज्वारीचं पीठ मात्र अजूनही बॅगेतूनच येतं.

एकटं वाटत नाही का?

वाटतं. जून आणि फेब्रुवारी जड जातात. सप्टेंबर ते नोव्हेंबर जात नाहीत, कारण तेवढ्या काळात शाळाच तुम्हाला मोकळं सोडत नाही. पुढे वाचा.

शरद म्हणजे नेमका कधीपासून?

कॅलेंडर काही म्हणो, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उन्हाळाच असतो, आणि अलीकडच्या वर्षांत तो आणखी लांबलाय. शिवाय वादळांचा मोसम. सकाळी धोक्याचा इशारा कायम असेल तर शाळेला सुट्टी, आणि तो निरोप पालकांना पोचेपर्यंत स्टाफरूममधले सगळे फोन वाजत असतात.

मला शरदाची पहिली खूण भाताच्या बांधावर दिसते. विषुवदिनाच्या सुमाराला ‘हिगानबाना’ फुलतात. पान एकही नाही, नुसता हिरवा दांडा आणि त्यावर लालभडक तुरा. कांदा विषारी असतो, म्हणून उंदीर-घुशी लांब राहाव्यात यासाठी जुन्या लोकांनी बांधांवर आणि स्मशानांभोवती त्या लावल्या. त्याच आठवड्यात ‘ओहिगान’ असतं: लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, दगड धुतात, फुलं ठेवतात, ‘ओहागी’ नावाचे गोड भाताचे गोळे करतात. आपला पितृपक्ष बहुतेक वर्षी थोड्याफार फरकाने याच दिवसांत असतो. शेजारच्या आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. ‘मग तुमच्याकडे काय करतात खायला?’ एवढंच विचारलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ‘किनमोकुसेइ’चा वास येतो. झाड दिसायच्या आधी वास येतो. शाळेच्या फाटकापाशी सायकल लावताना कळतं की ऑक्टोबर आला. बारीक नारिंगी फुलं, एका पावसात सगळी खाली.

‘उंदोकाइ’ म्हणजे आपलं गॅदरिंग का?

नाही, क्रीडादिन. पण ‘क्रीडादिन’ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं ते पुसून टाका. इथे कोणी एकटा जिंकत नाही. आख्खी शाळा लाल आणि पांढऱ्या अशा दोन गटांत वाटली जाते. टोपी एकच, एका बाजूने लाल, उलटली की पांढरी. तीन-तीन आठवडे तालीम चालते, त्यात चालण्याचीही तालीम आणि रांगेत बसण्याचीही. इंग्रजीचे तास त्यात बिनबोभाट वाहून जातात. आपण मैदानावर जाऊन खुर्च्या मांडायच्या, चुन्याच्या रेषा मारायच्या.

मला सगळ्यात आवडतो तो ‘तामाइरे’. उंच खांबावर टोपली, लहान मुलं कापडी चेंडूंचा मारा करतात. शिट्टी वाजली की थांबायचं आणि मग मोजणी: दोन्ही टोपल्यांतून एकेक चेंडू एकाच वेळी वर फेकतात आणि मैदानातली सगळी माणसं, आजी-आजोबांसकट, मोठ्याने आकडा म्हणतात. एका टोपलीतले चेंडू संपले तरी दुसरीची मोजणी शेवटपर्यंत होते. हरलेली टोपीही आकडे म्हणत असते.

शिक्षकांची एक रिले असते, त्यात परदेशी शिक्षकाला धावावंच लागतं. बूट चांगले घ्या. कार्यक्रम शनिवारी-रविवारी झाला की सोमवारी बदली सुट्टी मिळते, आणि ती सुट्टी म्हणजे सोनं, कारण त्या दिवशी बाकीचा देश कामावर असतो. हल्ली उकाड्यामुळे बऱ्याच शाळांनी उंदोकाइ मे-जूनमध्ये नेला आहे किंवा अर्ध्या दिवसात उरकतात. ऑक्टोबरमध्ये व्हायचा तो दिवस वेगळा असतो, पण मुलं उन्हात भोवळून पडण्यापेक्षा हे बरं.

माध्यमिकमध्ये याच काळात समूहगायनाची स्पर्धा असते. शाळा सुटल्यावर प्रत्येक मजल्यावरून वेगळं गाणं ऐकू येतं. एरवी मला ‘हॅलो’ म्हणायला लाजणारे तिसरीतले, म्हणजे आपल्या हिशोबाने नववीतले, मुलगे तोंड उघडून खालच्या पट्टीत गातात. कुठल्या वर्गात भांडण चालू आहे तेही गाण्यावरून कळतं.

आपले सण कसे साजरे करता?

दिवाळीची सुट्टी नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझे पाच तास असतात. टोकियोच्या बाजूला मराठी मंडळी पुष्कळ आहेत, तिथे गणपतीही बसतो आणि फराळही होतो, गावाकडे आपणच. मी चकल्या स्टाफरूममध्ये नेते. बिअरबरोबर छान लागतील, असं एकमत आहे.

कोजागरीचं मात्र इथे जमून जातं. जपान्यांची ‘त्सुकिमी’, म्हणजे चंद्रदर्शन, आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला: दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, रचून ठेवायचे, शेजारी ‘सुसुकी’ गवताचे तुरे. आपली कोजागरी सहसा त्याच्या पुढच्या पौर्णिमेला येते, पण काही वर्षी दोन्ही एकाच रात्री पडतात. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला पडल्या होत्या. मसाला दूध आणि दांगो एकत्र जात नाहीत, एवढं अनुभवाने सांगते.

पानं नेमकी कधी रंगतात?

वसंतातली साकुरा (चेरीची फुलं) दक्षिणेकडून वर सरकते, ‘कोयो’, म्हणजे पानांचा शरदातला रंग, उलटा उत्तरेकडून खाली आणि डोंगरावरून दरीत उतरतो. होक्काइदोतल्या दाइसेत्सुझानवर सप्टेंबरच्या उत्तरार्धात, निक्कोच्या वरच्या भागात ऑक्टोबरात, क्योटो-टोकियोत नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पहाटेचं तापमान आठ अंशांच्या खाली उतरायला लागलं की पानातलं हरितद्रव्य तुटू लागतं. गिंकोचा पिवळा रंग आधीपासून आत असतोच, तो फक्त उघडा पडतो. मेपलचा लाल मात्र साखरेपासून नव्याने तयार होतो. म्हणून दिवसा ऊन आणि रात्री कडक थंडी असेल त्याच वर्षी मोमिजी, म्हणजे मेपल, खरी पेटते. ढगाळ, उबदार वर्षी पानं तपकिरी होऊन मुकाट गळतात.

हवामान खात्याने २०२१ पासून बहुतेक प्राणी-वनस्पतींच्या नोंदी बंद केल्या, पण गिंको आणि मेपल ठेवले. अंदाज संकेतस्थळांवर मिळतात. त्याहून खात्रीशीर म्हणजे शाळेतला कोणीतरी ज्याची सासुरवाडी डोंगरात आहे. आमच्याकडे उपमुख्याध्यापक सकाळच्या बैठकीनंतर ‘या शनिवारी नाही, पुढच्या’ एवढंच सांगतात.

क्योटोला जावं की नाही?

नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, शनिवारी-रविवारी? माझं मत विचाराल तर नाही. तोफुकुजी देवळाच्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते, २३ नोव्हेंबरच्या सुट्टीला जोडून तर मुळीच नको. हॉटेलचे दर दुपटीच्या पुढे जातात. जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार, सकाळी देऊळ उघडायच्या वेळी फाटकात उभं राहा आणि अकराला परत फिरा. टोकियोत असाल तर ५९९ मीटरचा ताकाओ डोंगर शिंजुकूहून तासाभराच्या आत येतो, पण रविवारी तिथेही माणसांचीच रांग चढत असते.

मग तुम्ही कुठे जाता?

शक्यतो लोकलने जिथे पोचता येतं तिथे. तीन जागा सांगते.

पहिली, मागोमे ते त्सुमागो. एदो (जुनं टोकियो) आणि क्योटो यांना डोंगरातून जोडणारा ‘नाकासेन्दो’ हा जुना रस्ता, त्यावर ६९ मुक्काम. मागोमे त्रेचाळिसावा, त्सुमागो बेचाळिसावा. नाकात्सुगावा स्टेशनवरून बसने अर्ध्या तासात मागोमे. तिथून आठ किलोमीटर, रमतगमत तीन तास. मागोमेकडून निघा, म्हणजे चढ कमी आणि उतार जास्त. वाटेत देवदार, धबधब्याची एक जोडी, आणि मध्यावर एक जुनं चहाघर आहे. मातीची जमीन, मधोमध चूल, छताचे वासे धुराने काळे कुळकुळीत. तिथले स्वयंसेवक चहा देतात आणि पैसे विचारत नाहीत. पेटीत आपणहून टाकायचे. त्सुमागोच्या लोकांनी १९७१ मध्ये ‘विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही’ असा करार करून गाव राखलं. तारा आणि खांब मुख्य रस्त्यावर दिसत नाहीत. संध्याकाळी पाचनंतर दिवसाचे पाहुणे जातात, तेव्हाच ते गाव बघण्यासारखं असतं.

दुसरी, इवामुरा. सह्याद्रीत हिंडलेल्या कोणालाही मी आधी इथेच पाठवते. एना स्टेशनवरून आकेची रेल्वेचा एकुलता एक डबा शेतांमधून निघतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर त्यात ‘अळिंबी गाडी’ही असते, जेवणासकट. इवामुराचा किल्ला ७१७ मीटरवर, जपानमधल्या तीन मोठ्या डोंगरी किल्ल्यांपैकी एक. वर इमारत काही नाही, नुसत्या दगडी भिंती, सहा टप्प्यांत चढत गेलेल्या, शेवाळलेल्या, आणि त्यांच्या फटींतून वाढलेले मेपल. सकाळी आठच्या आत पोचलात तर बहुतेक वेळा धुकं असतं. किल्ल्याचं दुसरं नावच धुक्याचा किल्ला. इथे सोळाव्या शतकात ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराची आत्या ओत्सुया हिने कारभार केला. १५७२ मध्ये किल्ला ताकेदा या शत्रू घराण्याच्या हाती गेला, १५७५ मध्ये नोबुनागाने परत घेतला आणि तिला मारवलं. आज खालच्या पेठेत घरांवर निळे पडदे टांगलेले दिसतात आणि प्रत्येकावर त्या घरातल्या बाईचं नाव असतं.

तिसरी, कोरानकेइ. आइची प्रांतात तोयोता शहराच्या हद्दीत, तोमोए नदीकाठी सुमारे चार हजार मेपल. सतराव्या शतकात तिथल्या देवळाच्या एका भिक्षूने पहिली झाडं लावली. सुंदर आहे, पण रेल्वे जात नाही, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर गाड्यांची रांग किलोमीटरच्या किलोमीटर लागते. त्यापेक्षा त्याच शहराच्या हद्दीतलं ओबारा निवडा. तिथली ‘शिकिझाकुरा’ जातीची चेरी नोव्हेंबरात फुलते, त्यामुळे लाल मोमिजी आणि फिकी गुलाबी साकुरा एकाच उतारावर दिसतात. फोटो खोटा वाटतो, घरचे विश्वास ठेवत नाहीत.

अस्वलं खरंच असतात?

असतात. शीतनिद्रेआधी त्यांना खायचं असतं, आणि ज्या वर्षी डोंगरात बीच आणि ओकची फळं धरत नाहीत त्या वर्षी ती गावात उतरतात. २०२३ आणि २०२५ ही वर्षं वाईट गेली, विशेषतः उत्तरेकडे आकिता आणि इवातेत. मागोमेच्या वाटेवर ठरावीक अंतरावर पितळी घंटा टांगल्या आहेत, ‘जोरात वाजवा’ अशी पाटी लावून. देवळात वाजवतो तशी हळू नको, दणकून वाजवा. पाठपिशवीला लहान घंटा बांधा, पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात एकटं फिरू नका, आणि गावच्या सूचनाफलकावर नवीन कागद लागलाय का ते बघूनच चढा.

आई-बाबांना घेऊन कुठे जाऊ?

कोयासान. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाइ रेल्वे, शेवटी केबल कार, वर आठशे मीटरवर देवळांचं गाव. नवव्या शतकात कूकाइ या बौद्ध भिक्षूने स्थापलेलं. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध हा रंगाचा काळ. देवळातच मुक्काम करता येतो आणि जेवण ‘शोजिन र्योरी’, म्हणजे मासे-मांस सोडाच, कांदा-लसूणही नाही. दाशीसुद्धा कोंबू आणि शिताके अळिंबीची. माझी आई जपानमध्ये पहिल्यांदा ताट न तपासता जेवली ती इथे. ओकुनोइनच्या दफनभूमीत दोन किलोमीटर उंच देवदारांखालून चालायचं, दोन लाखांवर स्मारकं, त्यांतल्या अनेकांवर सिद्धम लिपीतली संस्कृत बीजाक्षरं. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालेला. बाबांना तिथेच जायचं होतं. मेपल त्यांच्या लेखी वाटेवरचं झाड होतं.

रात्री कडाक्याची थंडी पडते आणि देवळांच्या खोल्या कागदी दारांच्या असतात. वयस्कर माणसांसाठी उबदार आतले कपडे आणाच.

रेल्वेचा पास घ्यावा का?

पर्यटकांचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला, सात दिवसांचा. एकाच भागात फिरणार असाल तर तो आता परवडत नाही, आणि इथे राहणाऱ्यांना तर मिळतच नाही. आमच्यासाठी ऑक्टोबरच्या पूर्वार्धात रेल्वेदिनाच्या आसपास एक शरद-पास निघतो: सलग तीन दिवस, जेआरच्या (जपान रेल्वेच्या) साध्या गाड्यांत कितीही फिरा, ७,८५० येन. रेल्वेदिन १४ ऑक्टोबर, कारण १८७२ मध्ये त्या दिवशी शिंबाशी ते योकोहामा गाडीचं रीतसर उद्घाटन झालं.

गाडी चालवत असाल तर भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, तो इथे वर्षभर चालतो आणि रस्ताही आपल्यासारखाच डावीकडचा. वर्षानंतर जपानी परवाना काढावा लागतो आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती परीक्षा बरीच कडक झाली आहे.

सहल करून आल्यावर स्टाफरूमला खाऊ न्यावाच लागतो का?

शनिवारी कुठे गेलात हे कोणाला कळलं असेल तर हो. आणि कळतंच, कारण तुमच्याच वर्गातली मुलगी आईबरोबर त्याच गाडीत असते. नियम सोपे: प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला, माणसांइतके नग, टिकणारा. आमच्या भागात शरदात ‘कुरिकिन्तोन’ मिळतं. उकडलेलं चेस्टनट आणि साखर, बाकी काही नाही. कापडात पिळून आकार देतात, वर कापडाच्या चुण्या तशाच उमटलेल्या दिसतात. एक नग तीनशे येनच्या आसपास, आणि टिकतं दोन-तीन दिवस. म्हणजे स्टाफरूमसाठी परवडत नाही. ते स्टेशनवरच बाकावर बसून स्वतः खायचं, शाळेला बिस्किटं न्यायची.

शरदात शाकाहारी माणसाने आणखी काय खावं?

गोहेइमोची: भाताचे गोळे काडीवर चेपून, अक्रोड, तीळ आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) यांचा लेप लावून निखाऱ्यावर भाजलेले. भाजलेलं रताळं. पर्सिमन, म्हणजे काकी. नोव्हेंबरात घरोघरी सोलून दोरीला टांगलेले दिसतात, महिन्याभरात साखर वर येते. आणि नवा तांदूळ. पिशवीवर ‘शिनमाइ’ लिहिलेलं असेल तर त्या दिवशी भाजी नसली तरी चालेल, तूप-मीठ पुरतं.

कपडे काय आणू आणि दिवसाची आखणी कशी करू?

ऑक्टोबरला दुपारी शर्ट पुरतो, सकाळी स्वेटर. नोव्हेंबरच्या शेवटी डोंगरात पहाटे शून्याजवळ जातं. मोजे भोकं नसलेले आणा, देवळात, चहाघरात, दवाखान्यात, सगळीकडे बूट काढायचे असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोव्हेंबरअखेर इथे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, दरीत तर साडेतीनलाच सावली पडते. मुंबईच्या हिशोबाने ‘चारला निघू’ म्हणालात तर त्सुमागोहून नागिसोची बस अंधारात शोधावी लागेल. नऊला चालायला लागा, तीनपर्यंत खाली या. बसचं वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं, म्हणून जाताना थांब्यावरच्या परतीच्या पाटीचा फोटो काढून ठेवा.